लांब पल्ल्याचा बाण : घडवण्यापासून मोजण्यापर्यंत

भूमी अभिलेख खात्यात मी ३१ वर्षं मोजणी केली. लोकांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, आधी साखळी ओढली, मग टेप, आणि शेवटी शेवटी यंत्रं आली. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले तेव्हा भाचा म्हणाला, "मामाजी, माझ्यासंगं धनुष्यबाण करून पाहा ना." त्याला निशाणा लावायचा होता. मला निशाण्याचं काही वाटेना. बाण सुटला की तो कुठं जाऊन पडला आणि किती लांब, एवढंच मी पाहत राहायचो. पुढं कळलं की या वेडाला नाव आहे, फ्लाइट आर्चरी. यात निशाणा नसतोच. ज्याचा बाण सगळ्यात लांब, तो जिंकला. अमेरिकेत युटा राज्यातल्या बोनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर यासाठी लोक जमतात. इस्तंबूलमध्ये ओकमेयदानी नावाचा भाग आहे. ओक म्हणजे बाण आणि मेयदान म्हणजे आपलं मैदानच. ऑटोमन काळात तिथं विक्रमी बाण पडला की त्या जागी दगड रोवायचे. हे वाचलं तेव्हा ती माणसं मला आपल्या खात्यातलीच वाटली.

हॅरी ड्रेक यांनी १९७१ साली पाठीवर झोपून, पायांनी रेटायच्या धनुष्यातून १८५४ मीटर बाण टाकला. हातात धरायच्या धनुष्यातून डॉन ब्राउन यांनी १९८७ मध्ये १२२२ मीटर. ती धनुष्यं आधुनिक साहित्याची. इथं आपण लाकूड-बांबूचं बोलतोय. पहिल्या वर्षी दीडशे मीटर गाठलेत तर वाटेत थांबून तर्री पोहा खा, तुमचं बरं चाललंय.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकतो, कारण त्यापायी माझं एक वर्ष वाया गेलं. धनुष्य ओढायला जितकं जड तितका बाण लांब, असं वाटतं. माझं दुसरं धनुष्य ५८ पौंड ओढीचं होतं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागायचा. ओढताना खांदा करकरायचा, आणि बाण १५० च्या आत पडायचा. आताचं ४५ पौंडांचं आहे, ते २३० पर्यंत टाकतं. जुन्या धनुष्याचे शेंडे अंगठ्याएवढे जाड होते. दोरी सुटल्यावर सगळ्यात जास्त अंतर शेंड्यांना कापावं लागतं, म्हणून तिथला एकेक ग्रॅम बाणाच्या वाट्याचा वेग खातो. आणि पल्ला वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दहा टक्के वाढवा, हवेचा अडथळा सोडला तर पल्ला एकवीस टक्के वाढेल. तेव्हा ताकद वाढवायच्या मागे लागू नका, वजन कमी करायच्या मागे लागा.

लाकूड धामणीचं घ्या. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्षच म्हणतात. पण नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे लाकूडबाजारात, जाऊन धामण मागितली तर जुनी माणसं सोडून बाकीचे तोंडाकडे पाहतात. एक टालवाला मला म्हणाला, "काहून जी काकाजी, साप पाह्यजे का लाकूड?" दुसऱ्या एका टालावर मला धामण म्हणून भलतंच काहीतरी दिलं, आणि ते मी दोन महिने घासत बसलो. तेव्हापासून नावावर भरवसा ठेवत नाही. फळीच्या कडेची पेन्सिलीएवढी पट्टी कापून मागतो आणि तिथंच गुडघ्यावर वाकवून मोडतो. मोडताना लांब लांब धागे सुटत गेले, तुकडे एकमेकांना लटकून राहिले, तर लाकूड चांगलं. खडूसारखा खट्‌कन तुकडा पडला तर पैसे खिशात ठेवून घरी या. दुसरी तपासणी डोळ्यांची. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जायला हव्यात. मध्येच कडेला पळणारी रेष म्हणजे धनुष्य तिथंच मोडणार, हे आजच लिहून ठेवा.

धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाणाच्या दिशेच्या बाजूला, बांबूची पट्टी चिकटवायची. ताण सहन करण्यात बांबूच्या सालीलगतच्या धाग्यांना तोड नाही. आपल्याकडचा मानवेल जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे जाड पट्टी मिळते. तीन वर्षांच्या वरचा आणि थंडीत तोडलेला घ्या, पावसाळ्यातल्याला भुंगा लवकर लागतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्यानं झाड राहिलेला नाही, म्हणून शेताच्या बांधावरचा बांबू सरळ विकत घेता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला तर स्वतःच्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक पास द्यायचा हक्क २०११ सालीच मिळाला. जंगलातून गुपचूप तोडून मात्र आणू नका. मी बुरूडकाकांकडून पट्टी चिरून घेतो. त्यांना एकच सांगायचं, सालीला सुरी लागता कामा नये. घासायचं ते सगळं आतल्या बाजूनं. गाठींचा उंचवटाही सपाट करायचा नाही, नुसता काचकागदानं गुळगुळीत करायचा. पहिल्यांदा मी सफाईच्या नादात गाठ छिलून काढली होती, आणि धनुष्य बरोबर त्या गाठीवर उसवलं.

कोणाला एकाच लाकडाचं धनुष्य करायचं असेल तर करावं. स्पर्धांमध्ये एकसंध धनुष्याचा गट वेगळा असतो आणि जोडलेल्याचा वेगळा, हे लक्षात ठेवा. नवख्या माणसानं बांबूची पाठ लावावी, चूक झाली तरी ती थोडीफार सांभाळून घेते.

आता नागपूरची खास अडचण, कूलर. हसू नका. लाकडात ओल जास्त राहिली तर धनुष्य वाकून राहतं, दोरी काढली तरी सरळ होत नाही, आणि त्या बाकात तुमचा पल्ला जातो. ओल फार कमी झाली तर लाकूड ठिसूळ होतं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर, हवा पापडासारखी कोरडी, आणि आत कूलरच्या खोलीत दमट. माझं पहिलं धनुष्य कूलरसमोरच्या भिंतीवर टांगलेलं असायचं, ते केळ्यासारखं वाकलं. तिसरं मी शहाणपणा करून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, एका सकाळी पूर्ण ओढलं आणि बंदुकीसारखा आवाज झाला. वरचा तुकडा ओठावर बसला. दोन टाके पडले. सौभाग्यवतीनं डॉक्टरांना सांगितलं, "दारावर आपटले."

उपाय साधा आहे. लाकूड आतल्या, कूलर नसलेल्या खोलीत आडवं ठेवा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून भिंतीवर लिहा. लागोपाठ तीन रविवार वजन हललं नाही की ते खोलीच्या हवेशी जुळलं, मग रंधा हातात घ्यायचा. काम ऑक्टोबरच्या शेवटी काढा, थंडीत संपवा, मार्चमध्ये मारा. मे महिन्यात धनुष्याला हातच लावू नका. तापलेली हवा विरळ असते हे खरं, ४५ अंशाला ती २० अंशापेक्षा आठेक टक्के हलकी, त्यामुळे बाणाला अडथळा कमी. त्या मोहात मी ओठ फोडून घेतला. तुम्ही फोडू नका.

मापं सांगतो, ही २६ इंच ओढीसाठी आहेत; इथं ओढ म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते. लांबी एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ६० इंच. मधली मूठ ४ इंच, ती वाकायची नाही. मुठीच्या वरच्या-खालच्या अंगाला मी पातं म्हणतो. पातं मुठीजवळ ३२ मिलिमीटर रुंद, अर्ध्यापर्यंत जवळजवळ तेवढंच, आणि तिथून झपाट्यानं निमुळतं होत शेंड्याला ९ मिलिमीटर. शेवटचे सहा इंच अरुंद पण थोडे उंच ठेवायचे, म्हणजे ते वाकत नाहीत आणि वजनही वाढत नाही. धामण आणि बांबू दोन्हीकडं दोन घटकांच्या सरसाचा पातळ हात मारा, अराल्डाइटसारख्या. मग सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून सगळ्या लांबीभर गुंडाळा. मूठ खाली टेकवून दोन्ही शेंड्यांखाली दीड-दीड इंचाचे ठोकळे द्या, म्हणजे धनुष्य उलट्या बाजूला किंचित वाकलेलं तयार होतं. शिकंजे विकत घ्यायची गरज नाही. ट्यूबचा दाब सगळीकडं सारखा बसतो आणि पंक्चरवाला त्या फुकट देतो. दोन दिवस हात लावू नका.

यानंतरचं काम म्हणजे वाक जुळवणं. याला टिलरिंग म्हणतात, आणि सगळी कला इथंच आहे. भिंतीवर खुंटी ठोका, मूठ तीवर ठेवा, ढिली दोरी लावा. दोरीला बांधलेली सुतळी खाली गडगडीतून घेऊन समोरच्या भिंतीपर्यंत न्या. आता तुम्ही दहा फुटांवर उभे राहून ओढता आणि धनुष्य डोळ्यांसमोर वाकतं. मोडलं तर ओठ वाचतो. सुतळीला प्रवासाच्या बॅगा मोजायचा हूकवाला काटा अडकवला की ओढ किती तेही कळतं. ४५ पौंड म्हणजे साधारण २०.४ किलो. भिंतीवर पेन्सिलीनं चौकटी आखून घ्या. जिथं पातं कमी वाकतं तिथं पोटाकडून, म्हणजे धामणीच्या बाजूनं, काचेच्या तुकड्यानं खरवडा. जिथं जास्त वाकतं तिथं हात लावायचा नाही, त्याच्या आजूबाजूला खरवडायचं. दर खरवडणीनंतर तीस-चाळीस वेळा थोडं थोडं ओढा, तोवर नवा वाक दिसतच नाही. घाई करणारा नेमका इथं चुकतो. पाच मिनिटं खरवडतो, एकदा ओढतो, पुन्हा खरवडतो, आणि मग धनुष्य ३० पौंडांवर येऊन बसतं. काढलेलं लाकूड परत लागत नाही. ठरवलेल्या ओढीपेक्षा एक पौंडही जास्त कधी ओढू नका, आणि ताणून धरून फोटोसाठी उभे राहू नका.

शेवटी शेंडे. आता वाटतं की झालं, नवं धनुष्य मिरवावं. नाही. शेंडे अजून बारीक करायचे, इतके की पाहणाऱ्यानं विचारावं, "मोडत नाही का हो?" मी एकदा दोन्ही शेंड्यांचा मिळून सात ग्रॅम भुसा काढला, बाकी काही बदललं नाही, त्याच बाणांनी पल्ला नऊ मीटरनं वाढला.

दोरी डॅक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याच्या, दहा पदरांची, पीळ देऊन वळलेली. बाण बसतो तिथं बारीक धागा गुंडाळा. दोरी जाड नको. बस, दोरीचं एवढंच.

बाणावर धनुष्याइतकाच वेळ घालवा. संक्रांतीला पतंगासाठी आपण कामट्या तासतो, तीच कामटी, फक्त जाड. बांबूच्या सालीलगतची ९ मिलिमीटर चौरस कामटी घ्या, आधी चारचे आठ कोपरे करा, मग सोळा, मग काचकागदाच्या घडीत धरून फिरवा. बाण नळीसारखा एकसारखा नको. मध्ये ८ मिलिमीटर आणि दोन्ही टोकांकडं उतरत ५ मिलिमीटर, गाजर दोन्हीकडून तासल्यासारखा. मधला जाडपणा त्याला ताठ ठेवतो, बारीक टोकं वजन वाचवतात. ताठपणा तपासायचा तो असा. काडी अजून २७ इंच ठेवा, २६ इंच अंतरावरच्या दोन खिळ्यांवर आडवी टाका, मध्यावर ९०० ग्रॅम वजन लटकवा आणि किती झुकते ते पट्टीनं पाहा. माझ्या ४५ पौंडी धनुष्याला १८ ते २० मिलिमीटर झुकणारी काडी मानवते. त्याहून लवचीक असली तर बाण सुटल्यावर मासोळीसारखा शेपूट हलवत जातो, आणि प्रत्येक हेलकाव्याला मीटर मोजून द्यावे लागतात. जमली की दोन्हीकडून छाटून २६ इंचांवर आणा.

पिसं तीन, प्रत्येक सव्वा इंच लांब आणि ६ मिलिमीटर उंच. कोंबड्याच्या पंखाची चालतात, पण तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर वळण उलटसुलट येतं. भाच्याच्या निशाण्याच्या बाणांना चार-चार इंची पिसं होती. दिसायला काय ऐट! माझे पहिले बाण त्याच थाटाचे, ३२ ग्रॅमचे, १६३ मीटरला पडायचे. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पिसं अजून चांगली उडतात, मात्र नैसर्गिक साहित्याच्या गटात खेळणार असाल तर ती चालायची नाहीत. नोक म्हणजे डोकं कापलेला छोटा खिळा, धाग्यानं बांधून सरसानं पक्का केलेला, पुढून गोल घासलेला. तयार बाण बोटावर तोला. मध्यापासून नोकेकडं एक-दीड सेंटीमीटरवर तोल यायला हवा. नोक जड झाली तर बाण लवकर मान टाकतो.

तयार बाणाचं वजन माझ्याकडं १९ ते २० ग्रॅम येतं. सुरुवात २५ पासून करा आणि हळूहळू उतरा. फार हलका बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखंच, सगळा झटका लाकडाला बसतो. बाण न लावता दोरी ओढून सोडायची तर गंमत म्हणूनही नको. पाहुण्यांच्या पोट्ट्यांना धनुष्य दाखवताना हे आधी सांगा आणि मग हातात द्या, किंवा देऊच नका.

आता जागा. शहरातलं कुठलंही मैदान यासाठी नाही. कस्तुरचंद पार्क कितीही मोठं दिसलं तरी नाही, विमानतळाच्या आसपास तर मुळीच नाही. ४०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि पूर्ण रिकामी जमीन हवी. आम्ही उमरेड रोडच्या पुढं एका ओळखीच्या वावरात जातो. हरभरा निघाल्यावर आणि नांगरटीच्या आधी, मार्चचे दोन-तीन आठवडे ते मिळतं. त्याआधी पीक उभं असतं. त्यानंतर ढेकळं होतात, आणि एप्रिलमध्ये काळ्या मातीला हातभर भेगा पडतात. मागच्या वर्षी उशीर केला. माझा बाण पडताना चार जणांनी पाहिला, जागेवर जाऊन पाहतो तर काही नाही. भेगेत उभाच्या उभा गेला होता. सळई घालून अर्धा तास टोकरलं, शेवटी पिसाचा एक तुकडा हाती आला. तेव्हापासून पिसांमागे पंधरा सेंटीमीटरचा केशरी पट्टा रंगवतो, आणि एप्रिलमध्ये जात नाही.

मालकाला विचारा, पोलीस पाटलांना कळवा. पलीकडच्या धुऱ्यावर शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन एक माणूस उभा करा, जनावर किंवा माणूस दिसलं की झेंडी वर आणि सगळ्यांची धनुष्यं खाली. सकाळी सात ते नऊ वारा पडलेला असतो, तेवढ्यात उरकायचं.

मारताना कोनाची फार चिंता नको. हवा नसती तर ४५ अंश सगळ्यात बरा, हवेमुळं तो ४२-४३ वर येतो. पण शिखराजवळ चढ फार कमी असतो. पाच अंश चुकलात तर दीड टक्का जातो, दहा चुकलात तर सहा. एका मित्राला बाजूला उभं करून "वर", "खाली" सांगायला लावा, तेवढं पुरे. खरा घोटाळा सोडण्यात होतो. बाण पूर्ण ओढीला आला की क्षणभरही रेंगाळू नका, नाहीतर हात नकळत दोन सेंटीमीटर पुढं सरकतो. ओढ आणि सोडणं एकाच दमात. सुटल्यावर डावा हात जागच्या जागी, बाण जमिनीला लागेपर्यंत.

आमच्या स्पर्धेत आठ-दहा जण असतात. प्रत्येकी सहा बाण, चार फेऱ्या, ज्याचा जो सगळ्यात लांब तो धरायचा. धनुष्याची ओढ आधी काट्यावर, त्याच्याच बाणाच्या लांबीइतकी ओढून, तपासायची. पडलेला बाण मोजल्याशिवाय उपटायचा नाही, शेजारी नावाची चिठ्ठी खोचायची. पावलांनी मोजलेला आकडा मी वहीत घेत नाही. पहिल्या वर्षी एकाचे "तीनशे पक्के" टेपनं २१४ निघाले होते.

मोजायचं असं. मारणाऱ्याच्या रेषेच्या मध्यापासून मैदानाच्या टोकापर्यंत झेंड्या रोवून एक सरळ मध्यरेषा आखा. पोलादी टेप त्या रेषेवरूनच ओढायचा, बाणाकडं तिरपा नाही. बाण जिथं जमिनीत घुसला तिथून मध्यरेषेवर काटकोन टाका, तो रेषेला जिथं मिळेल तेवढं अंतर. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमातही असंच आहे, आणि आमच्या शंकू-साखळीच्या मोजणीत धुऱ्याचं वाकण याच रीतीनं घेतात. शंकू म्हणजे काटकोन टाकायचं साधन; माझा जुना अजून घरात आहे, तोच नेतो. उन्हानं पोलादी टेप लांबतो, २० अंश जास्त तापला तर शंभर मीटरला साधारण २३ मिलिमीटर. पण सगळ्यांचे बाण त्याच उन्हात त्याच टेपनं मोजले जातात, म्हणून ते सोडून द्या.

काटकोनाचा नियम सगळ्यांना पटत नाही. "काकाजी, बाण गेला तेवढा गेला, तिरपा मोजा ना," असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. मी ऐकत नाही. या मार्चला माझा शेवटच्या फेरीतला चौथा बाण सुटला तेव्हाच हाताला कळलं होतं, हा वेगळा आहे. मध्यरेषेपासून १४ मीटर उजवीकडं पडला, पण लांब. तिरपा टेप ओढला असता तर २३१.८२ मीटर. शंकू लावून काटकोन टाकला, २३१.४० आले. भाच्याचा बाण जवळजवळ रेषेवरच होता, २३१.५६.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी वहीकडं. "लिही," म्हटलं, "आणि टेप गुंडाळ. चिखल पुसून."